एक्स२३० वर कोअरबूट : एका जुन्या लॅपटॉपचे मूळ फर्मवेअर बदलताना

## पार्श्वभूमी

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या चिपमध्ये साठवलेला, बटण दाबताच ऑपरेटिंग सिस्टिमच्याही आधी चालणारा प्रोग्रॅम. लॅपटॉपसोबत येणारा तो बंदिस्त असतो, म्हणजे त्याचा कोड पाहता-बदलता येत नाही. कोअरबूट हा त्याला मुक्त पर्याय. लॅपटॉपच्या मालकीण पुण्यात राहतात आणि भाषांतराचे काम करतात. रोजचे आठ-नऊ तास टायपिंग. थिंकपॅड एक्स२३० हे २०१२ सालचे मॉडेल त्यांनी जुन्या बाजारातून घेतले, ते मुख्यतः त्याच्या कीबोर्डसाठी आणि खोलून दुरुस्त करता येते म्हणून. आय५-३३२०एम प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एसएसडी, त्यावर डेबियन ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम. कामाला पुरून उरेल असे यंत्र.

माझा संबंध इतकाच की त्यांचा धाकटा भाऊ माझा विद्यार्थी. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि प्रयोगशाळेत रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, मल्टिमीटर, सोल्डरिंगचे सामान कायम हाताशी असते. ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत. तांत्रिक घटनाक्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे, चुकांसकट.

## अडचण

सुरुवात वाय-फायपासून झाली. लॅपटॉपमधले कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे. इमारतीत प्रत्येक घरात राउटर, सगळे त्याच पट्ट्यात. संध्याकाळी फाइल चढवायची म्हटले की अडकायचे. त्यांनी वाचून-शोधून एथेरॉसचे एआर९४६२ चिप असलेले कार्ड मागवले. ते ५ गिगाहर्ट्झवरही चालते, आणि त्याचे एटीएच९के हे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात म्हणजे कर्नलमध्येच असते. कार्डात वेगळे बंदिस्त फर्मवेअर भरावे लागत नाही. निवड अचूक होती.

कार्ड बसवले, बटण दाबले, आणि पडद्यावर १८०२ क्रमांकाची सूचना आली : अनधिकृत नेटवर्क कार्ड, यंत्र बंद करून काढा. पुढे बूटच होईना. या पिढीच्या अनेक लॅपटॉपांच्या फर्मवेअरमध्ये मान्य कार्डांची एक यादी असते. अँटेना आणि कार्ड यांची रेडिओ-चाचणी एकत्र होते, म्हणून ही यादी, असे त्यामागचे कारण दिले जाते. कारण काही असो, विकत घेतलेल्या यंत्रात कोणते कार्ड बसवायचे हे एका चिपमधल्या यादीने ठरवावे, हे त्यांना पटले नाही. मलाही नाही.

त्यावरून बोलता-बोलता दुसरा विषय निघाला. भाषांतराला येणारी कागदपत्रे गोपनीय असतात, म्हणून त्यांनी डिस्क एन्क्रिप्ट केलेली होती. ऑपरेटिंग सिस्टिम मुक्त, डिस्क सुरक्षित. पण त्या सगळ्याच्या आधी चालणारा प्रोग्रॅम कोणाचा? आणि इंटेलच्या चिपसेटमधले मॅनेजमेंट इंजिन, म्हणजे मुख्य प्रोसेसरपासून अलग चालणारा छोटा संगणक, त्याचे काय? मे २०१७ मध्ये इंटेलने त्यातल्या एएमटी या, संगणक दुरून हाताळण्याच्या सुविधेतला एक गंभीर दोष जाहीर केला. आवृत्ती ६ ते ११.६ सगळ्या त्यात येत होत्या. पासवर्डच्या उत्तराच्या जागी रिकामे उत्तर पाठवले तरी दार उघडत होते. एक्स२३० मधले इंजिन आवृत्ती ८ चे आहे.

"सर, घराला कुलूप चांगले लावलेय, पण वाड्याच्या दिंडीची किल्ली कोणाकडे आहे तेच माहीत नाही," असे त्या म्हणाल्या. हे प्रकरण लिहायला घेतले ते या वाक्यामुळे.

## समोरचे पर्याय

सर्वांत सोपा उपाय म्हणजे बोटाच्या पेराएवढा यूएसबी वाय-फाय लावून मोकळे व्हायचे. वाय-फायचा प्रश्न सुटला असता, दिंडीचा नाही. तरी मी तो आधी मांडला, कारण कमावत्या यंत्राला हात लावण्यापूर्वी "काहीच न करणे" याचाही हिशेब व्हायला हवा.

दुसरा पर्याय वनव्हायरेनचा. मूळ फर्मवेअरमधल्या त्रुटीचा फायदा घेऊन लॅपटॉप न खोलता कार्डांची यादी काढून टाकता येते. आवृत्ती फार नवी असेल तर आधी जुन्यावर उतरावे लागते. फर्मवेअर मात्र तेच बंदिस्त राहते, फक्त ठिगळ लावलेले.

तिसरा पर्याय, यंत्रच बदलायचे. २००८ सालच्या एक्स२०० मध्ये मॅनेजमेंट इंजिन पूर्णपणे काढून टाकता येते. स्वातंत्र्याच्या बाबतीत ते एक्स२३० च्या पुढे आहे. पण कोअर २ ड्युओ प्रोसेसरवर आजचा ब्राउझर, शब्दकोशाचे टॅब आणि भाषांतराचे सॉफ्टवेअर एकत्र चालवणे त्यांच्या कामाला परवडणारे नव्हते.

चौथा पर्याय कोअरबूट. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी लिनक्सबायॉस नावाने हे काम सुरू केले आणि २००८ मध्ये त्याचे नाव कोअरबूट झाले. कोअरबूट हार्डवेअर जागे करते आणि ताबा पुढच्या प्रोग्रॅमकडे देते. एक्स२३० साठी त्यात मोठी जमेची बाजू आहे : रॅम चालू करण्याचा कोड मुक्त आहे आणि पडदा उजळवणारा कोडही मुक्त आहे. तो एडा भाषेत लिहिलेला आहे. बंदिस्त राहतात त्या गोष्टी मोजक्या. मॅनेजमेंट इंजिनचा गाभा, मायक्रोकोड म्हणजे प्रोसेसरच्या आतच चालणारा कोड, आणि कीबोर्ड-पंखा-चार्जिंग सांभाळणाऱ्या एम्बेडेड कंट्रोलरचे फर्मवेअर. या शेवटच्याला कोअरबूट हातच लावत नाही. त्याची किंमत आम्हाला पुढे कळली.

लिबरबूटचाही विचार झाला. ते कोअरबूटवरच आधारलेले तयार वितरण आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी धोरण बदलून, अपरिहार्य असेल तिथे कमीत कमी बंदिस्त तुकडे चालतील असे ठरवले, आणि त्यानंतर एक्स२३० सारखी यंत्रे त्यात आली. तरी आम्ही कोअरबूट स्वतः बांधायचे ठरवले. मालकिणींना प्रत्येक तुकडा कुठून आला हे पाहायचे होते.

मायक्रोकोडवर मात्र आमची खरी चर्चा झाली. त्यांचा पहिला कल तो वगळण्याकडे होता, कारण तो बंदिस्त. माझे म्हणणे असे की मायक्रोकोड प्रोसेसरमध्ये कारखान्यातूनच कोरलेला असतो. सुधारित प्रत नाकारली तर मुक्त प्रत मिळत नाही, जुनी आणि सदोष बंदिस्त प्रत चालते. २०१८ मध्ये उघड झालेल्या प्रोसेसरमधल्या स्पेक्टरसारख्या सुरक्षा-दोषांवरचे काही उपाय याच सुधारणांतून येतात. त्यांना हे पटले आणि मायक्रोकोड ठेवला. या प्रकरणातला हा निर्णय मला आजही पूर्ण बरोबर वाटतो.

## तयारी

आम्ही एक नियम ठरवला : जिथून परत फिरता येणार नाही असे कोणतेही पाऊल टाकायचे नाही. एक पाऊल सोडून सगळीकडे तो पाळला.

ते एक पाऊल म्हणजे मूळ फर्मवेअरचे अपडेट. एम्बेडेड कंट्रोलरची सुधारणा फक्त उत्पादकाच्या अपडेटमधूनच येते, आणि एकदा कोअरबूट बसले की तो रस्ता बंद होतो. म्हणून सगळीकडे सल्ला असतो तसे आम्हीही आधी शेवटच्या आवृत्तीवर गेलो. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे.

मग बूटची पद्धत तपासली. डेबियन यूईएफआय या बूटच्या नव्या पद्धतीने बसवलेले होते आणि आम्ही पुढचा प्रोग्रॅम म्हणून सीबायॉस घेणार होतो. त्याला यूईएफआय कळत नाही. हे आधी लक्षात आले म्हणून वाचलो. डिस्कवर १ एमबीचे छोटे विभाजन करून ग्रब हा डेबियनला सुरू करणारा प्रोग्रॅम जुन्या पद्धतीनेही बसवला आणि मूळ फर्मवेअरमध्येच लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीचे, बूट करून खात्री केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला संस्कार इथे कामी आला.

साधनांत एक निवड करायची होती. सीएच३४१ए हा स्वस्त काळा प्रोग्रॅमर, म्हणजे चिप बाहेरून वाचण्या-लिहिण्याचे उपकरण, सगळीकडे मिळतो, पण त्याच्या प्रचलित आवृत्तीत डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात आणि फर्मवेअर साठवणाऱ्या या फ्लॅश चिप ३.३ व्होल्टच्या आहेत. पुष्कळांचे काम त्यावरही निभावते. पण दुसऱ्याच्या पोटापाण्याच्या यंत्रावर तो प्रयोग मी करणार नव्हतो. रास्पबेरी पायच्या पिना मुळातच ३.३ व्होल्टच्या. आठ पायांच्या चिपवर बसणारी क्लिप मागवली, तपकीर गल्लीतून जंपर वायरी आणल्या.

## शनिवार : वाचन

कीबोर्ड आणि पामरेस्ट काढले की काळ्या पापुद्र्याखाली दोन चिप दिसतात. पडद्याच्या बाजूची ४ एमबीची, तळहाताच्या बाजूची ८ एमबीची. दोन्ही मिळून १२ एमबी. मोठ्या चिपमध्ये डिस्क्रिप्टर म्हणजे नकाशा, नेटवर्कच्या पत्त्याचा भाग आणि मॅनेजमेंट इंजिन असते. प्रोसेसर जिथून आपली पहिली आज्ञा उचलतो ती जागा छोट्या चिपच्या अगदी शेवटी येते.

चार्जर काढला, बॅटरी काढली, आतली नाण्याएवढी बॅटरीही सोडवली. रास्पबेरी पाय बंद ठेवून क्लिप लावली, मग तो सुरू केला. चिप वाचण्या-लिहिण्याच्या फ्लॅशरॉम या प्रोग्रॅमने चिप ओळखली, पण एकाऐवजी एकाच घराण्यातली दोन-तीन नावे सांगितली. चिपवरची अक्षरे भिंगातून वाचून एमएक्स२५एल३२०६ई हे नाव हाताने द्यावे लागले. दिव्याखाली तिरका कोन धरून, मोबाइलवर फोटो काढून वाचायला दहा मिनिटे लागली.

पहिली प्रत घेतली, दुसरी घेतली, चेकसम म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे जुळेनात. तिसरी दोन्हींपेक्षा वेगळी. एकदा तर सगळी फाइल एफएफने भरलेली निघाली, म्हणजे क्लिप चिपला टेकलीच नव्हती.

इथे थांबलो, आणि या थांबण्याला मी या प्रकरणात सर्वांत जास्त महत्त्व देतो. चिप ओळखली जाते आहे, फाइलचा आकार बरोबर आहे, एकही त्रुटी दाखवलेली नाही. उतावळा माणूस इथे लिहायला सुरुवात करतो. पण एकाच चिपच्या तीन प्रती तीन प्रकारच्या येत असतील तर आपल्याजवळ एकही प्रत नाही असे समजावे. मोठ्या चिपमध्ये त्या यंत्राचा स्वतःचा नेटवर्क पत्ता असतो. इंटरनेटवरून दुसऱ्या कोणाची प्रत उतरवून घेतली तर पत्ताही त्याचाच येतो. आपल्या चिपची खरी प्रत दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

दोष वायरींत होता. हातभर लांब वायरी, त्यातून वेगाने जाणारा संदेश, आणि चिपच्या पायांवर बारा-तेरा वर्षांचा थर. चिपचे पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, वायरी दहा सेंटिमीटरवर आणल्या, वेग ५१२ किलोहर्ट्झवर उतरवला. ओळीने तीन प्रती जुळल्या. मोठ्या चिपच्याही तीन. मग क्लिप काढून पुन्हा लावली आणि चौथी घेतली. तीही जुळली. दुपारचे चार वाजले होते.

प्रती तीन ठिकाणी ठेवल्या : रास्पबेरी पायच्या कार्डावर, माझ्या संगणकावर आणि मालकिणींच्या पेन ड्राइव्हवर.

## रविवार : लेखन आणि काळा पडदा

दोन टप्पे ठरवले होते. आधी फक्त ४ एमबीच्या चिपवर कोअरबूट आणि सीबायॉस, मोठ्या चिपला स्पर्श नाही. नकाशा आणि मॅनेजमेंट इंजिन जसेच्या तसे राहिले तर काही बिघडल्यास संशयाला एकच जागा उरते. त्यासाठी कोअरबूटचा मजकूर ४ एमबीत मावेल असा बांधला.

लेखन झाले, पडताळणीही झाली. बॅटरी लावून बटण दाबले. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळा. पहिल्या वेळी रॅमची जुळवणी करायला कोअरबूटला थोडा वेळ लागतो आणि ती नोंद चिपमध्ये साठवून तो पुढच्या वेळी झटपट उठतो, म्हणून आम्ही पाच मिनिटे वाट पाहिली. काही नाही. लॅपटॉपचा डबा झाला होता.

मालकिणींचा चेहरा उतरला. सोमवारी सकाळी अकराला एक काम द्यायचे होते. "सर, आता काय?"

दोन वाटा होत्या : कारण शोधत बसायचे, किंवा आधी मूळ फर्मवेअर परत लिहायचे. मला कारण शोधण्याची खाज होती, हे कबूल करतो. पण आधी परतलो. कालची प्रत लिहिली, बटण दाबले, आणि उत्पादकाचे चिन्ह पडद्यावर आले. डेबियन उठले. यंत्र शाबूत आहे, क्लिपने काही जळलेले नाही, प्रत खरी आहे, हे सगळे त्या वीस मिनिटांत कळले. त्यांनी तिथेच बसून सोमवारचे काम पुरे करून पाठवले. मी फाइल उघडून बसलो.

चूक माझी होती. बांधलेली फाइल १२ एमबीची होती आणि तिच्यातला शेवटचा ४ एमबीचा तुकडा छोट्या चिपसाठी कापायचा होता. मी पहिला ४ एमबी कापला. आकार अचूक ४१,९४,३०४ बाइट, म्हणून शंका आली नाही. पडताळणीही यशस्वी झाली, कारण चिपमध्ये लिहिले ते फाइलप्रमाणेच आहे का इतकेच ती पाहते. फाइलच चुकीची असेल तर ती गप्प राहते. फाइलच्या सुरुवातीला सोळा बाइटनंतर ५ए ए५ एफ० ०एफ ही खूण दिसली. ही डिस्क्रिप्टरची खूण, मोठ्या चिपच्या आरंभी असणारी. छोट्या चिपच्या फाइलमध्ये तिचे काम नाही. प्रोसेसर ४ जीबीच्या सीमेच्या सोळा बाइट अलीकडे जाऊन पहिली आज्ञा मागतो. तिथे आज्ञा नव्हतीच.

बरोबर तुकडा कापला. या वेळी फाइल दोघांनी पाहिली. मी सुरुवात, त्यांनी शेवट. लिहिली. काही सेकंद काळोख, आणि मग पांढऱ्या अक्षरांत सीबायॉसची ओळ. पाठोपाठ ग्रब, डिस्कच्या पासवर्डचा प्रश्न, डेबियन. नवे वाय-फाय कार्ड बसवले. १८०२ नाही. ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क यादीत दिसले.

## दुसरा टप्पा

पंधरा दिवस तसेच वापरले. झोपवणे-उठवणे, पडद्याचा उजेड कमी-जास्त करणे, कीबोर्डवरच्या जोडकळा, सगळे ठीक. मगच मोठ्या चिपकडे वळलो.

मॅनेजमेंट इंजिन या पिढीत पूर्ण पुसता येत नाही. वैध फर्मवेअर सापडले नाही तर यंत्र साधारण ३० मिनिटांनी स्वतःच बंद पडते. म्हणून एमई क्लीनर हे साधन त्यातले सुरुवातीला लागणारे मोजके भाग ठेवते आणि बाकीचे काढते. सुमारे ५ एमबीचे शंभर केबीच्या आत आले. एएमटीचा भाग गेला. सोबत डिस्क्रिप्टरमधली लेखनबंदीही उठवली, म्हणजे पुढची अपडेट क्लिपशिवाय लॅपटॉपवरूनच करता येतील.

लिहून झाल्यावर घड्याळ लावून बसलो. तीस मिनिटे झाली, पस्तीस झाली, पाऊण तास झाला. यंत्र चालूच होते.

## परिणाम

वाय-फायचा प्रश्न संपला. बूट आधीपेक्षा चटकन होते. कंट्रोल आणि एफएनच्या कळांची अदलाबदल उत्पादकाच्या सेटिंगमधून व्हायची, ती आता एनव्हीरॅमटूल या साधनाने केली. उत्पादकाचा सेटिंगचा पडदा आणि त्यातला पासवर्ड गेला. डिस्क एन्क्रिप्ट असल्याने त्यांना त्याची उणीव वाटली नाही. दुसऱ्या कोणाला वाटू शकते.

यंत्र पूर्ण मुक्त झाले का? नाही. मायक्रोकोड, इंजिनचा उरलेला गाभा आणि एम्बेडेड कंट्रोलर आहेत तसे बंदिस्त आहेत. आम्ही ते एका कागदावर लिहून, तो कागद त्यांच्या टेबलाच्या खणात ठेवला आहे. काय बदलले, काय राहिले, का राहिले.

## काय वेगळे करता आले असते

बॅटरी. सात महिन्यांनी जुनी बॅटरी दमली. एक्स२३० चा एम्बेडेड कंट्रोलर बॅटरी अस्सल आहे का ते तपासतो आणि इतर बनावटीची असेल तर चार्ज करत नाही. ही तपासणी काढता येते, पण त्यासाठी कंट्रोलरचे फर्मवेअर बदलावे लागते, आणि ते काम उत्पादकाच्या जुन्या आवृत्तीवर असतानाच होते. आम्ही तर सुरुवातीलाच शेवटच्या आवृत्तीवर गेलो होतो. कोअरबूट बसवण्याआधी, ते अपडेट करण्याआधी, बॅटरीचा विचार करायला हवा होता. शेवटी अस्सल बॅटरी शोधून जास्त पैसे देऊन घेतली. परत फिरणे अवघड असे ते एकच पाऊल होते, आणि तेच आम्ही सर्वांत कमी विचार करून टाकले.

फाइल कापताना सुरुवातीची खूण तपासायला अर्धे मिनिट लागले असते. आता माझ्याकडच्या टिपणात ती पायरी लेखनाच्या आधी आहे.

आणि दिवस. डेडलाइनच्या आदल्या दिवशी हे काम करायला नको होते. मूळ प्रत खरी होती म्हणून निभावले. शनिवारी तीन प्रती जुळत नसताना "चालतंय" म्हणून पुढे गेलो असतो, तर रविवारी परतायला काहीच नसते.

मागच्या महिन्यात त्यांनी कोअरबूटची नवी आवृत्ती स्वतः बांधली. कर्नलला सुरू होताना मेमरीवरचे निर्बंध सैल करण्याची सूचना दिली, फ्लॅशरॉम लॅपटॉपवरच चालवला आणि नवी प्रत लिहिली. मला फोन आला तो काम झाल्यावर. "सर, लिहिण्याआधी जुनी प्रत दोनदा वाचली. जुळली."